तीन मिनिटं चाळीस सेकंद

“कितीदा बघितलाय?”

“अकरा वेळा,” मी म्हणालो. थोडं ऐटीतच म्हणालो.

“आकरा.” समशेरने तो आकडा तोंडात घोळवला आणि उठून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. बाहेर वैशाखातली टळटळीत दुपार होती. आत एकदम अंधारून आलं. दारातलं कुत्रं मघापासून माझ्यावर भुंकत होतं, तेही गप्प झालं. “मग बाराव्यांदा माझ्यासंगं बघा,” तो म्हणाला. “लावा कॅसेट.”

मी त्याच्या घरी गेलो होतो मुलाखतीसाठी. निदान माझी तशी समजूत होती.

आमच्या पिढीला समशेर कोण हे सांगावं लागत नाही, पण आता सांगायला हवं. सत्तरच्या दशकात मराठी पडद्यावर मारामारी म्हटलं की एकच नाव होतं. पडद्यावर समशेर, रेशन कार्डावर बबन खुटाळे, तालमीत तयार झालेला गडी. एका वेळी बारा-पंधरा जणांना लोळवायचा आणि शेवटी आईच्या पायांवर डोकं ठेवायचा. अभिनयाच्या नावाने आनंदीआनंद, पण पब्लिकला त्याची पर्वा नव्हती. अशा माणसाने १९७९ साली ‘काळी खाण’ नावाचा एक चित्रपट केला. त्यात तो कोणाला एक चापटसुद्धा मारत नाही. ट्रक ड्रायव्हर असतो, एक खून बघतो आणि जीव घेऊन पळत सुटतो. पुढचा दीड तास तो नुसता लपतो आणि घाबरतो. पब्लिकने खुर्च्या फोडल्या, आठवड्याच्या आत चित्रपट उतरला. दिग्दर्शक भास्कर कारखानीस चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी अपघातात गेला होता, त्यामुळे चित्रपटाची बाजू घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. समशेरही त्यानंतर पडद्यावर दिसला नाही.

ही गोष्ट २००१ सालची. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात ‘दुसरी नजर’ नावाचं सदर लिहीत असे. पडलेले चित्रपट उकरून काढायचे आणि लोकांना सांगायचं, बघा, तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. या कामात एक सुख आहे हे कबूल करतो. सगळं जग चुकलं आणि आपण एकटे शहाणे, असं दर रविवारी छापून येतं. बंद पडत असलेल्या एका कॅसेट लायब्ररीत मला ‘काळी खाण’ मिळाला. मी तो थट्टा करायच्या तयारीने लावला आणि अर्ध्या तासाने चहा गार झालेला कळलाच नाही.

त्यातल्या एका शॉटवर मी अर्धा लेख खर्च केला. खाणीत साचलेल्या पाण्यात समशेर छातीपर्यंत बुडून लपलेला आहे आणि वर, कपारीवर, गुंड त्याच्या मित्राला मारतायत. आपल्याला वरचं काहीच दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा वर बघणारा चेहरा. तीन मिनिटं चाळीस सेकंद, मध्ये एकही कट नाही. मी लिहिलं होतं: ‘दुसरं मिनिट उलटताना त्या डोळ्यांत काहीतरी बदलतं. तोवर तो नुसता घाबरलेला असतो. इथे त्याला कळतं. आणि कळूनही तो हलत नाही. या चित्रपटाचं काळीज इथे आहे.’ लेखावर पस्तीस पत्रं आली. मी ती मोजली होती.

पाचव्या दिवशी ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज, शांत. “मी शुभदा. समशेरकाकांचं सगळं मीच बघते. त्यांना तुम्हाला भेटायचंय. कॅसेट घेऊन याल का?”

बायको म्हणाली, नवीन शर्ट घाला, शाल-बिल देतील.

लोणंदच्या स्टँडवर शुभदा मला घ्यायला आली होती. तिशीची, सडसडीत, जीप सफाईने चालवत होती आणि बोलत जवळजवळ नव्हती. फक्त एकदाच तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “सबनीस, तुम्ही जे लिहिलंत ते तुम्हाला खरोखर दिसलं? की लिहिण्याच्या भरात?”

“मी भरात लिहीत नाही,” मी म्हणालो. मला राग आला होता.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने गियर बदलला.

घर माळावर एकटंच होतं. आजूबाजूला झाड नाही, शेजार नाही, नुसते खडीचे जुने ढीग. एवढा मोठा नट इथे येऊन का राहिला असेल, हे मला कळेना. चहा झाला, समशेर समोर येऊन बसला. पासष्टीचा असेल, पण छाती तशीच भरदार आणि पंजे परातीएवढे. नमस्कार नाही की चौकशी नाही. पहिला प्रश्न तोच, कितीदा बघितलाय.

कॅसेट लावल्यावर त्याने नावं बघायचीही तसदी घेतली नाही. “म्होरं घ्या. पान्यापाशी.”

मी पुढे घेतली. काळं पाणी आलं, त्यातून समशेरचा चेहरा वर आला. अठ्ठावीस इंची टीव्हीवर मी तो पहिल्यांदाच बघत होतो. ओले केस, आ वासलेलं तोंड, वर लागलेली नजर. एक मिनिट गेलं. दुसरं जाऊ लागलं. नेहमीच्या जागी माझ्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. मग ती नजर एकदा झर्रकन खाली डावीकडे जाते, कॅमेऱ्याच्या बाजूला, आणि पुन्हा वर जाते. आणि शेवटी ती हळूहळू खाली येते, पाण्यावर टेकते, आणि शॉट संपतो.

मी भारावून वळलो. समशेर टीव्हीकडे बघतच नव्हता. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता.

“तुमचं तोंड बघत हुतो,” तो म्हणाला. “कुठं बदलतंय ते. बराबर तितंच बदललं, तुमी लिवलंय तितं.”

शुभदा दारात उभी होती. कधी आली ते मला कळलं नव्हतं.

“एक इचारू?” समशेर म्हणाला. “शॉट येवढा लांब का ठिवला?”

हा माझा प्रांत होता. मी सावरून बसलो. “कारखानीसांची हिंमत. दुसरा कोणी असता तर मिनिटभरात कट म्हणाला असता. यांनी म्हटलं नाही. प्रेक्षकाचा जीव गुदमरेपर्यंत म्हटलं नाही.”

समशेर उठला, मागच्या भिंतीपाशी गेला आणि तिथला पडदा सरकवला. खिडकीपासून पन्नास पावलांवर जमीन संपत होती. तिच्याखाली काळं पाणी होतं. ते पाणी मी आत्ताच बघितलं होतं.

“ही जिमीन मी ऐंशीला घेतली,” तो म्हणाला. “चला. दावतो.”

नको म्हणायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर नको म्हणायची छाती झाली नाही. आम्ही मागच्या दाराने निघालो, पुढे तो, मध्ये मी, मागे शुभदा. ऊन डोक्यावर होतं, दगड तापले होते, चपलेतून चटका बसत होता. खाणीच्या काठाने वळसा घालून आम्ही एका कपारीवर आलो. टोकाशी जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. त्याने मला पुढे केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खाली वीसेक फुटांवर फोडलेल्या दगडांचा ढीग होता, आणि पलीकडे पाणी.

“सगळी मानसं जेवाया गेलती, टेकाडापल्याड,” तो माझ्या कानामागे बोलू लागला. “हितं आमी मोजकीच. मी तितं पान्यात. कॅमेऱ्यावर साटम, त्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला आन् पाठ हिकडं. आन् भास्करराव हितं, तुमी उभं हाय तितं. म्हनला, बबन, मला तुजी नजर वर पायजे, तू माज्याकडं बघ. आन् काय बी झालं तरी मी कट म्हनेपत्तोर जागा सोडायची न्हाय. तसा नेमच हुता आमच्यात. दिग्दर्शकाच्या तोंडातनं कट आल्याबिगर साटम कॅमेरा बंद करायचा न्हाय, आन् नट हलायचा न्हाय.”

“मग?”

“मग हितला दगूड निसटला.”

मी नकळत मागे सरायला गेलो. मागे तो होता. सरायला जागा नव्हती.

“एका हातानं धरून लोंबकळला. पाय कुठंतरी फटीत अडाकला. आन् दुसरा हात आसा फिरवीत हुता.” त्याने मोकळा हात माझ्या डोळ्यांसमोर गोल फिरवला. “ह्यो त्याचा इशारा. चालू ठिवा, थांबू नगा. म्हैनाभर त्योच इशारा बघत आलतो. त्या मानसानं मला भ्या घालाया काय काय न्हाय केलं! न सांगता ट्रकात धामण सोडली. न सांगता ब्रेक ढिला केला. समद्यांना ठावं हुतं. मला वाटलं, ह्यो बी त्यातलाच खेळ.”

“कोणालाही वाटलं असतं,” मी म्हणालो.

“वाटलं का न्हाय, त्येच तर मला ठावं न्हाय.” त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. “दीड मिनिट लोंबकळला त्यो. पान्यातनं हितपत्तोर बावीस पावलं. तवाचा मी, चार उड्यात आलो आसतो. आलो न्हाय. मंग त्यो पडला, तवा आवाज ऐकून साटमनं कॅमेरा बंद केला. कट कुनी म्हनलंच न्हाय, सबनीस. तुमी हिंमत म्हनता. म्हनाया मानूसच उरला नव्हता.”

अकरा वेळा मी हे टाळ्या वाजवत बघितलं होतं. एका माणसाचं मरण मी कप-दोन कप चहासोबत बघितलं होतं आणि त्याला काळीज म्हटलं होतं.

“बावीस वरसं आठवतोय,” समशेर म्हणाला. “कधी आठवतं, शेवटपत्तोर मला खेळच वाटला. कधी आठवतं, मला कळलंतं, आन् पाय उचाललं न्हाईत. मी भ्यालो. समशेर भ्याला. म्या तुमची कॅसेट मागवली, पर मला माजं तोंड वाचाया येत न्हाय. तुमाला येतं. तुमी लिवलंय, हितं त्याला कळतं.” त्याने मान वळवली. “आन् ती त्याची लेक. शुभी. आठ वरसांची हुती. आई बी वरसात गेली, तवापास्नं माज्याकडं हाय. तिच्याम्होरं सांगा. मला कळलं हुतं का न्हाय?”

शुभदा तीन पावलांवर उभी होती, ओढणी डोक्यावर घेतलेली. तिचा चेहरा मला उन्हात नीट दिसेना. ती ऐकत होती एवढं कळत होतं.

मला उत्तर माहीत होतं. तिळमात्र शंका नव्हती. दुसरं मिनिट उलटताना त्याचा खांदा एकदा पुढे येतो; पाण्याखाली तो पाऊल उचलतो. आणि ते पाऊल तो परत मागे घेतो. खेळ समजणारा माणूस पाऊल उचलत नाही, आणि उचललं तर मागे घेत नाही. त्याला कळलं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

“काय न्हाय?”

“तुम्हाला कळलं नव्हतं. ते मी रंगवून लिहिलं. सदर लिहायचं म्हणजे थोडं तिखट-मीठ लागतं. आत्ता नीट बघितलं ना, शेवटपर्यंत तुमच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे. तुम्ही खेळच समजत होता.”

“नक्की?”

“नक्की.”

खांद्यावरचा पंजा निघाला. समशेर तिथेच तापलेल्या दगडावर बसला आणि उपरण्यात तोंड खुपसून रडू लागला. मोठ्याने, गावाकडची म्हातारी माणसं रडतात तसा. “ऐकलंस का बाय?” तो मध्येच म्हणाला. “ऐकलं, काका,” शुभदा म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी कपारीवरून मागे आलो. ते खोटं मी त्या म्हाताऱ्याची कीव येऊन बोललो, की खांद्यावर तो पंजा होता म्हणून बोललो, हे मी स्वतःला तेव्हापासून विचारत आलोय. बायकोला सांगताना कीव आली असं सांगतो. तेव्हा मात्र मला एवढंच वाटलं की झालं ते दोघांच्याही भल्याचं झालं. म्हाताऱ्याला झोप लागेल, आणि पोरीला ज्याने वाढवलं त्याच्याकडे मोकळ्या मनाने बघता येईल. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

शुभदा मला स्टँडवर सोडायला निघाली. जीपच्या मागच्या सीटवर एक मोठी सुटकेस होती, दोरीने आवळून बांधलेली. माझी पिशवी ठेवताना मी ती सरकवली. चांगली जड होती.

“कुठे निघालाय का तुम्ही?”

“नाही,” ती म्हणाली. “निघणार होते.”

स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर म्हणाला, सात मिनिटं आहेत. मी खिडकीतली जागा धरली. शुभदा निघून जाईल असं वाटलं होतं, पण ती येऊन खिडकीखाली उभी राहिली.

“एक विचारायचं राहिलं,” ती म्हणाली. “त्या शॉटमध्ये काका एकदा खाली बघतात. डावीकडे. ते का, असं तुम्हाला वाटतं?”

“नजर थकली असेल,” मी म्हणालो. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं.

तिने मान डोलावली. “मला आठवतं ते असं, की तिथे मी होते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर बसले होते. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती, मी एकटीने मागे वळून बघितलं. मी ओरडले, काका, बाबा पडतायत. आणि काकांनी माझ्याकडे बघितलं.” ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. “मग पुन्हा वर बघितलं. आणि उभे राहिले.”

माझ्या हाताखाली खिडकीचा गज होता. तो मी घट्ट धरला.

“पण साटमकाका म्हणायचे, पोर ओरडलीच नाही. तेव्हा जागेवर आवाज घेत नसत, सगळं नंतर डब करायचे, त्यामुळे पुरावा कसलाच नाही. आई म्हणायची, तू टेम्पोत झोपली होतीस, तुला स्वप्न पडलं. काका म्हणतात, बाय, मला आठवत नाही. बावीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढते आणि प्रत्येक घासाला वाटतं, यांनी ऐकलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटते. तुमचा लेख आला ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नाहीये. परक्या माणसालाही दिसलंय. मीच काकांना तो वाचून दाखवला. मीच म्हटलं, बोलवू या त्यांना.”

“आणि बॅग?”

“तुम्ही हो म्हणाला असतात तर या गाडीत बसणार होते. हडपसरला मावशी आहे माझी.” तिने ओढणीने कपाळ पुसलं. मग ती हसली, आणि ते हसू मला आजही सहन होत नाही. “बरं झालं विचारलं. झोपलेच असेन मी. लहान होते. उगाच त्या माणसावर एवढी वर्षं संशय घेतला. तुमचे उपकार झाले, सबनीस.”

ड्रायव्हर अजून टपरीवर होता. चार मिनिटं तरी होती. एक वाक्य बोलायचं होतं, तुम्ही ओरडला होतात, एवढंच. मी तोंड उघडलंही. मग डोक्यात आलं, म्हाताऱ्याचं कोण करेल. मघा नक्की म्हटलं, आता ही मला काय म्हणेल. घरगुती भानगडीत आपण कशाला पडा. तोवर ड्रायव्हर तंबाखू मळत आला. कंडक्टरने घंटी दिली.

“पाणी आहे ना जवळ?” तिने विचारलं.

“आहे,” मी म्हणालो.

तिने हात हलवला, जीपकडे गेली, आणि मागची सुटकेस नीट सरळ करून ठेवली. मग ती माळाच्या रस्त्याला लागली. मी खिडकीतून बघत होतो.